हिशेब कुणाचा ठेवला आणि नुकसान कुणाचं? बजाज-टीव्हीएस वाद नव्याने वाचताना

१६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजाज ऑटो आणि टीव्हीएस मोटर यांच्या वादात एक छोटा आदेश दिला. वाचायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्यात मुख्य गोष्टी तीन. मद्रास उच्च न्यायालयात चालू असलेला मूळ दावा ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत निकाली काढा. तोपर्यंत टीव्हीएसला आपली मोटरसायकल विकू द्या. आणि देशातल्या व निर्यातीच्या विक्रीचा अचूक हिशेब टीव्हीएसने ठेवावा.

पेटंट कायदा शिकवताना हा आदेश 'दावे लवकर निकाली काढा' या मुद्द्यासाठी सांगितला जातो. न्यायालयाची कळकळ खरी होती, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार तिसऱ्या गोष्टीबद्दल आहे. 'हिशेब ठेवा' म्हटलं की नुकसानभरपाईची सोय झाली असं आपण धरून चालतो. ती सोय अर्धीच होते, आणि बुडालेल्या नफ्याच्या बाबतीत तर अर्ध्याहूनही कमी.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पेटंटच्या वादांतलं नुकसान कसं मोजतात यावर पीएच.डी. करतोय. त्यामुळे माझी खोड अशी की निकालात रकमेचा आकडा दिसला की तो कुठून आला ते शोधायचं. आपल्याकडे बहुतेक वेळा आकडाच सापडत नाही. बजाज-टीव्हीएसमध्येही तेच झालं.

वाद काय होता

बजाजचं पेटंट क्रमांक १९५९०४. अर्ज जुलै २००२ चा, पेटंट मिळालं जुलै २००५ मध्ये. विषय: लहान सिलिंडरच्या (बोअर ४५ ते ७० मिलिमीटर) फोर-स्ट्रोक इंजिनात दोन स्पार्क प्लग. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेलं मिश्रण एका टोकाने पेटवलं तर ज्वाळा दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि जळणं अर्धवट राहतं. दोन बाजूंनी पेटवलं की अंतर कमी होतं. तुम्हा-आम्हाला हे 'डीटीएस-आय' या नावाने माहीत आहे. पल्सरच्या अंगावर ते ठळक लिहिलेलं असायचं.

२००७ मध्ये टीव्हीएसने १२५ सीसीची 'फ्लेम' जाहीर केली. दोन प्लग, तीन व्हॉल्व्ह. दोन्ही कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात पोचल्या. १६ फेब्रुवारी २००८ ला एकल न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. टीव्हीएसने मार्च २००८ मध्ये एकाच प्लगची फ्लेम बाजारात आणली. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) १८ मे २००९ ला खंडपीठाने मनाई उठवली. मग सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश. नोव्हेंबर २००९ उलटून गेला, दावा निकाली निघाला नाही. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत वाद मिटवला.

म्हणजे हिशेब ठेवण्याचा आदेश मिळाला, पण त्या हिशेबावरून नुकसान काढायची वेळ आलीच नाही. समजा आली असती, तर ती वही पुरली असती का?

कलम १०८ मधला 'किंवा'

पेटंट कायदा, १९७० चं कलम १०८ पेटंटधारकाला मनाईबरोबर आणखी एक उपाय देतं: नुकसानभरपाई *किंवा* प्रतिवादीच्या नफ्याचा हिशेब. निवड वादीची. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

हे दोन उपाय दिसायला भावंडं, पण स्वभाव वेगळे. नफ्याचा हिशेब विचारतो, *त्याने* किती कमावलं? नुकसानभरपाई विचारते, *माझं* किती गेलं? पहिल्याचं उत्तर प्रतिवादीच्या वहीत असतं. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच वहीत नसतं, कारण ते न घडलेल्या गोष्टीबद्दल आहे. उल्लंघन झालंच नसतं तर मी किती विकलं असतं, हा प्रश्न आहे.

मी शीळफाट्याजवळ राहतो, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. कल्पना करा, फाट्यावर एका पंक्चरवाल्याकडे टायर बुजवण्याची पेटंट घेतलेली पद्धत आहे आणि त्याचं दुकान कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दुसऱ्याने ती पद्धत उचलली आणि पनवेलकडे जाणाऱ्या बाजूला दुकान टाकलं. महिन्याला त्याने शंभर पंक्चर काढले. पहिल्याचं नुकसान शंभर पंक्चरचं का?

तुम्ही कधी त्या ट्रॅफिकमध्ये बंद पडलेली बाईक ढकलली असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. पनवेलच्या वाटेवर हवा गेली तर कंटेनर आणि डंपर चुकवत कल्याण रोडपर्यंत कोण गाडी ढकलत नेणार? माणूस जवळच्या तिसऱ्या दुकानात जाईल आणि जुन्या पद्धतीने पंक्चर काढून घेईल. शंभरातले कदाचित वीसच पहिल्याकडे गेले असते. दुसऱ्या दुकानाची वही 'शंभर' सांगते. 'वीस' हा आकडा गिऱ्हाइकाच्या वागण्यात दडलेला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जपून ठेवायला सांगितलं ते 'शंभर'. बुडालेल्या नफ्यासाठी हवे होते 'वीस'.

चार प्रश्न आणि फ्लेम

या बाबतीत जगभर एक अमेरिकन निकाल सांगितला जातो: पँड्युइट विरुद्ध स्टालिन ब्रदर्स, १९७८. बुडालेला नफा मागायचा तर चार गोष्टी दाखवा, असं त्यात म्हटलं. पेटंट असलेल्या मालाला मागणी होती. त्याला पेटंटबाहेरचा, गिऱ्हाइकाला चालेल असा पर्याय नव्हता. ती मागणी पुरवायची ताकद तुमच्याकडे होती. आणि प्रत्येक नगामागे किती नफा झाला असता. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण विचार करायला सोयीचा आहे. फ्लेमला लावून बघू.

ताकदीचा प्रश्न सर्वात सोपा. वाळूज, चाकण, पंतनगर असे कारखाने असलेल्या कंपनीला काही हजार जास्तीच्या गाड्या जड गेल्या नसत्या.

मागणी? इथे गंमत आहे. बजाजने 'डीटीएस-आय' हे नाव इतकं गाजवलं की गिऱ्हाईक दुकानात नावाने गाडी मागायचं. वरवर हा भक्कम पुरावा वाटतो. पण पेटंट नावाला नव्हतं, प्लगच्या रचनेला होतं. टीव्हीएसने ते नाव वापरलं नव्हतं. ज्याला 'डीटीएस-आय'च हवं होतं तो तसाही बजाजच्या शोरूममध्ये गेला. फ्लेम घेणारा माणूस मायलेजसाठी आला, दिसण्यासाठी आला, की घराजवळ टीव्हीएसचा डीलर होता म्हणून आला, हे विक्रीचा आकडा सांगू शकत नाही.

पर्यायाचा प्रश्न सर्वात अवघड. १२५ सीसीच्या बाजारात त्या वेळी होंडाची शाइन होती, हिरो होंडाची ग्लॅमर आणि सुपर स्प्लेंडर होती. फ्लेम नसती तर त्या गिऱ्हाइकांपैकी कितीजण बजाजच्या एक्ससीडीकडे वळले असते? सगळे नक्कीच नाहीत.

अमेरिकेत अशा बाजारासाठी १९८९ च्या स्टेट इंडस्ट्रीज विरुद्ध मोर-फ्लो या वॉटर हीटरच्या खटल्यात मधला मार्ग निघाला. पेटंटधारकाचा बाजारातला वाटा सुमारे ४० टक्के होता. म्हणून उल्लंघन करून विकलेल्या मालापैकी ४० टक्के मालावर बुडालेला नफा दिला आणि उरलेल्या ६० टक्क्यांवर ३ टक्के रॉयल्टी. हिशेब साधा आहे. समजा १०,००० गाड्या उल्लंघनाच्या विकल्या आणि उल्लंघन करणारा वगळून उरलेल्या बाजारात तुमचा वाटा २५ टक्के आहे. मग २,५०० गाड्यांचा नफा बुडाला आणि ७,५०० गाड्यांवर रॉयल्टी. (हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, बजाजचे नाहीत.) पण या हिशेबालाही *सगळ्या* बाजाराची आकडेवारी लागते. एका कंपनीची वही त्यात एक ओळ भरते.

एका प्लगची फ्लेम

आता मार्च २००८ कडे वळू. मनाई आल्यावर महिन्याभरात टीव्हीएसने एका प्लगची फ्लेम उतरवली. नुकसान मोजताना हिचं काय करायचं?

१९९९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किटने ग्रेन प्रोसेसिंग विरुद्ध अमेरिकन मेझ हा निकाल दिला. हा माझ्या आवडीचा, कारण त्यात रसायन आहे. मका-स्टार्चपासून माल्टोडेक्स्ट्रिन बनवण्याचा वाद. न्यायालयाने अडवल्यावर अमेरिकन मेझने प्रक्रियेत ग्लुकोअमायलेज हे आणखी एक एन्झाइम घातलं आणि दोन आठवड्यांत पेटंटबाहेरची नवी प्रक्रिया उभी केली. गिऱ्हाइकांना फरक जाणवला नाही. न्यायालय म्हणालं, हा पर्याय बाजारात नसला तरी हाताशी होता, म्हणून बुडालेला नफा मिळणार नाही, ३ टक्के रॉयल्टी घ्या. हा तर्क लावला तर एका प्लगची फ्लेम बजाजच्या दाव्याला मोठं भगदाड पाडते. टीव्हीएस म्हणणार, 'आम्ही सुरुवातीपासून एकच प्लग लावला असता आणि तेवढ्याच गाड्या विकल्या असत्या.'

पण ब्रिटिश परंपरा नेमकी उलट आहे. १८८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने युनायटेड हॉर्स-शू अँड नेल विरुद्ध स्ट्युअर्ट या स्कॉटलंडच्या खटल्यात, घोड्याच्या नालांच्या खिळ्यांच्या वादात, हा बचाव फेटाळला. तुम्ही पेटंट न मोडताही तितकेच खिळे विकू शकला असता हे खरं असेल, पण तुम्ही तसं केलं नाहीत. जे केलंत त्याची भरपाई द्या.

एकच घटना, दोन उत्तरं, आणि रकमेत जमीन-अस्मानाचा फरक. आपला कायदा वाढला ब्रिटिश मुळांतून आणि आता दाखले येतात अमेरिकन. आपण कुठला रस्ता घ्यायचा? बजाज-टीव्हीएस हा प्रश्न विचारण्यासाठी जणू मापात शिवून आलेला खटला होता. घटना तयार होती, तारखा तयार होत्या. दावा पुराव्यापर्यंत नीट चालला असता तर भारतीय कायद्याला स्वतःचं उत्तर मिळालं असतं. तडजोड करणं हा दोन्ही पक्षांचा हक्कच आहे. पण दहा वर्षं दावा रेंगाळला नसता तर ती निकालानंतरही होऊ शकली असती.

जिथे किंमतच तिप्पट असते

विक्री म्हणजे नुकसान हे समीकरण किती फसवं आहे ते औषधांत जास्त स्पष्ट दिसतं. रोश विरुद्ध सिप्ला या फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या अर्लोटिनिबच्या वादात रोशची गोळी सुमारे ४,८०० रुपयांना होती आणि मुंबईच्या सिप्लाची सुमारे १,६०० ला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारताना हा फरक विचारात घेतला. २७ नोव्हेंबर २०१५ ला खंडपीठाने उल्लंघन झाल्याचं मान्य केलं. पेटंट मार्च २०१६ मध्ये संपणार होतं, म्हणून मनाई दिली नाही, सिप्लाच्या उत्पादन-विक्रीचा हिशेब मागितला. पुढे २०१७ मध्ये हेही प्रकरण तडजोडीने संपलं.

सोळाशेची गोळी घेणारा प्रत्येक रुग्ण अठ्ठेचाळीसशेची गोळी घेणारच होता, असं कोण म्हणेल? बऱ्याच घरांत दुसरा पर्याय 'गोळी नाही' हाच असतो. म्हणजे सिप्लाची विक्री आणि रोशचा बुडालेला नफा यांत केवढं अंतर! इथे खंडपीठाने हिशेबाचा मार्ग धरला ते मला योग्य वाटतं, कारण प्रतिवादीचा नफा निदान मोजता येतो. अडचण आहे ती 'हिशेब' हा एकच शब्द दोन्ही उपायांना पुरतो असं समजण्यात.

नफा म्हणजे नेमका कोणता?

आणखी एक गोष्ट, जी मी एमआयडीसीतल्या लहान उद्योजकांशी बोलताना नेहमी सांगतो. बुडालेला नफा म्हणजे ताळेबंदातला निव्वळ नफा नव्हे.

समजा एक पंप ५,००० रुपयांना विकला जातो. माल, मजुरी, वीज मिळून ३,५०० लागतात. शेडचं भाडं, ऑफिसचे पगार वगैरे वाटून प्रत्येक पंपाच्या वाट्याला १,००० येतात. निव्वळ नफा ५००. पण एक पंप जास्त विकला असता तर भाडं वाढलं नसतं. म्हणून बुडाले ते १,५०० रुपये, ५०० नाहीत. तिप्पट फरक! डोंबिवली किंवा तळोज्याच्या एखाद्या युनिटला सीएने भरभर काढून दिलेला आकडा स्वतःच्याच विरोधात जाऊ शकतो.

मग काय ठेवायला सांगायचं?

टीका करायची तर पर्यायही द्यायला हवा. माझ्या मते अंतरिम टप्प्यावरचा आदेश *दोन्ही* बाजूंना उद्देशून असावा. प्रतिवादीने मॉडेलनुसार, महिन्यानुसार, जिल्ह्यानुसार विक्री आणि किंमत नोंदवावी. वादीनेही आपली तशीच विक्री, शिल्लक माल, सवलती आणि उत्पादन क्षमता नोंदवावी. दहा वर्षांनी साक्षीला बसल्यावर वादीच्या विक्री विभागातला माणूस २००८ च्या डीलरची परिस्थिती आठवणीतून सांगणार, हा पुरावा नव्हे.

जिल्ह्याचा आग्रह का? शीळफाट्याच्या सिग्नलला उभं राहून नंबर प्लेट बघा. एमएच ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल. चार आरटीओंच्या गाड्या एकाच चौकात. प्रत्येक आरटीओकडे कुठल्या महिन्यात कुठल्या मॉडेलची किती नोंदणी झाली याची माहिती असते. एका भागात प्रतिवादीचा डीलर आधी आला, दुसऱ्यात वर्षाने आला, तर दोन्हीकडच्या वादीच्या विक्रीची तुलना करता येते. पहिल्या भागात वादीची विक्री किती घसरली आणि त्याच काळात दुसऱ्यात किती, या फरकातून 'वीस'चा अंदाज बांधता येतो. प्रयोगशाळेत आपण एका चंचुपात्रात अभिकारक घालतो आणि दुसरं तसंच ठेवतो, तेच तत्त्व. वाहनांसारख्या नोंदणी होणाऱ्या मालात असा पुरावा सरकारी दप्तरात पडून असतो. मागितला तर मिळेल.

काही बदल होतोय, हेही सांगायला हवं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या बौद्धिक संपदा विभागाच्या २०२२ च्या नियमांत भरपाई मागणाऱ्याने रकमेचा वाजवी अंदाज आणि त्यामागची मूळ तथ्यं द्यावीत असं सांगितलं आहे. वादीचा बुडालेला नफा, प्रतिवादीने कमावलेला नफा आणि मिळू शकली असती ती रॉयल्टी हे तिन्ही घटक त्यात वेगवेगळे मोजलेत. हे वेगळेपण कागदावर आलं हीच मोठी गोष्ट. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने एरिक्सन विरुद्ध लावा खटल्यात २४४ कोटी रुपयांची भरपाई दिली, पण तो आकडा रॉयल्टीच्या वाटेने आला. त्यात 'गिऱ्हाईक कुणाकडे गेलं असतं' या प्रश्नाला हात लावावा लागला नाही.

उलट बाजूने कुणी म्हणेल, इतका पुरावा मागितला तर लहान पेटंटधारक दारातूनच परत जाईल. आक्षेप खरा आहे. बजाजला तज्ज्ञ नेमणं परवडतं, दोन गाळ्यांच्या युनिटला नाही. पण लहान युनिटला एक फायदाही असतो: त्याची गिऱ्हाइकं मोजकी असतात. कुणाला कोटेशन दिलं, कुणी 'दुसरीकडे स्वस्त मिळतंय' असा मेल टाकला, कुठल्या निविदेत आपण दुसरे आलो, हे सगळं कागदावर असतं. निविदेत दोघेच उरले असतील आणि पहिला पेटंट मोडून जिंकला असेल, तर 'शंभर' आणि 'वीस' यांतलं अंतर जवळपास मिटतं. अशा ठिकाणी बुडालेला नफा सिद्ध करणं मोटरसायकलपेक्षा कितीतरी सोपं. तेव्हा मित्रहो, हरलेली कोटेशनं फेकू नका, तारखेसकट फाइलला लावा.

बजाजच्या अर्जाला जुलै २०२२ मध्ये वीस वर्षं झाली, म्हणजे पेटंटची मुदत संपली. दोन प्लग आता कुणीही लावावेत. फ्लेममुळे बजाजचं नेमकं किती गेलं, की काहीच गेलं नाही, हे आता ठरणार नाही.

पुढच्या वेळी पेटंटच्या बातमीत 'इतके कोटी भरपाई' असं वाचलंत, तर मूळ निकाल उघडा आणि तीन गोष्टी शोधा. आकडा कुणाच्या वहीतून आला? उल्लंघन नसतं तर गिऱ्हाईक कुठे गेलं असतं, यावर एखादा तरी परिच्छेद आहे का? आणि पर्यायी मालाबद्दल न्यायालयाने १८८८ चा रस्ता धरला की १९९९ चा? तिन्हींची उत्तरं सापडली तर तो निकाल जपून ठेवा. माझ्या प्रबंधाला असे निकाल फार कमी मिळतात.